घरात आणलेली मिरची हिवाळ्यात का गळते: नवा दिवा घेण्याआधी काय काय बघायचं

ऑक्टोबर लागला की टोरांटो-मिसिसागा पट्ट्यातल्या आपल्या मंडळींकडून एकच तक्रार ऐकू येते. उन्हाळाभर पॅटिओवर लगडलेली थाई मिरची थंडी पडायच्या आत घरात घेतली, ऑनलाइन स्वस्तात मिळाला तो जांभळा ग्रो लाइट लावला आणि पंधरा दिवसांत कुंडीभोवती पानांचा सडा पडला. मग प्रश्न येतो, याहून मोठा दिवा घेऊ का? अशी झाडं मी दर हिवाळ्यात बघतो, घरची आणि दुसऱ्यांचीही. बऱ्याचदा दोष दिव्याचा नसतोच. असला, तरी आहे तोच दिवा हातभर खाली आणला की काम भागतं.

खालचा क्रम फुकट गोष्टींपासून खर्चाच्या गोष्टींकडे जातो. मधली पायरी गाळून थेट खरेदीवर उडी मारू नका. पाण्याने सडलेल्या मुळांवर दोनशे डॉलरचा दिवा टांगला तरी पानं गळायची ती गळतातच.

लक्षणं

- आत आणल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जुनी, मोठी पानं गळतात. शेंड्याचं कोवळं पान मात्र तरतरीत असतं.
- नवी वाढ लांबुडकी आणि लुळी. दोन पानांमधलं पेर बोटभर लांब, झाड काचेकडे झुकलेलं.
- पानं फिकट, नेहमीपेक्षा लहान. खालची पिवळी होऊन देठासकट सुटतात.
- माती ओली आहे, तरी झाड मरगळलेलं.
- कळ्या येतात आणि गळतात.
- दिव्याच्या अगदी खालची पानं कडांनी वर वळलेली किंवा पांढुरकी, बाकी झाड ठीक.
- पानांच्या मागे बारीक, खरखरीत फोड.
- नवी पानं सुरकुतलेली, वेडीवाकडी. पानांना हात लावला तर चिकट लागतात.
- दिवा लुकलुकतो, प्लग गरम लागतो, ब्रेकर पडतो.

यातलं पहिलं लक्षण आजार नाही. ती पानं जुलैच्या उन्हात तयार झालेली असतात. घरातल्या प्रकाशात त्यांचा खर्च निघत नाही, म्हणून झाड ती टाकून देतं आणि कमी प्रकाशाला जुळणारी नवी पानं काढतं. शेंडा ताजा असेल तर दोन-तीन आठवडे काहीही करू नका. घाबरून पाणी वाढवलं जातं आणि खरा घोटाळा तिथून सुरू होतो.

सगळ्यात आधी: झोपवायचं की जागं ठेवायचं?

मिरची मुळात बारमाही झाड आहे. कोकणात परसातली मिरची काही वर्षं सहज धरते. इथे तिला मारते ती कडाक्याची थंडी. तेव्हा हा हिवाळा तिला नुसता पार करून द्यायचा आहे, आणि त्याच्या दोन तऱ्हा आहेत.

पहिली तऱ्हा झोपवण्याची. झाड छाटून वीतभर उंचीचं, दोन-तीन फांद्यांचं ठेवायचं, १० ते १५ अंश सेल्सियसच्या जागी न्यायचं, पाणी अगदी जुजबी द्यायचं. पानंच नसतील तर प्रकाशही नाममात्र पुरतो. उत्तरेची खिडकी किंवा दिवसातले आठ-दहा तास चालणारा एक साधा एलईडी बल्ब, बस्स. यासाठी ग्रो लाइट घेणं म्हणजे पैसे वाया.

दुसरी तऱ्हा जागं ठेवण्याची. खोली १८ ते २४ अंश, दिवसाला चौदा तास खराखुरा प्रकाश, पानं हिरवी, नशीब असेल तर फेब्रुवारीत ठेच्यापुरत्या चार मिरच्या. इथे दिवा लागतो.

झाडं मरतात ती या दोहोंच्या मध्ये लटकल्यामुळे. बैठकीची खोली २२ अंशांवर, पाणी एक दिवसाआड, आणि प्रकाश मात्र झोपेपुरता. ऊब झाडाला वाढायला लावते आणि वाढीला लागणारं अन्न तयार करायला प्रकाश नसतो. म्हणून ते साठवणीतलं खर्चून लांबुडके, फिकट शेंडे काढत राहतं आणि जानेवारीत थकतं. उबेला पुरेसा प्रकाश द्या, नाहीतर आहे त्या प्रकाशाला शोभेल इतकी ऊब कमी करा. बाकीच्या तपासण्या म्हणजे यातली नेमकी कोणती बाजू लंगडी आहे ते शोधणं.

हेही आत्ताच ठरवा की झाड वाचवण्याजोगं आहे का. हाबानेरो, भूत जोलोकिया यांना मिरच्या धरायला फार वेळ लागतो आणि ओंटारिओचा उन्हाळा आखूड. त्यांचं जुनं झाड मेमध्ये बाहेर गेलं तर खरा फायदा दिसतो. थाई मिरचीही सांभाळण्याजोगी आहे. हॅलापीन्यो बी पेरून त्याच वर्षी भरपूर येते. ढोबळी मिरचीसाठी मी एवढी यातायात करणार नाही.

१. खोड जिवंत आहे का?

खोडाच्या तळाशी नखाने साल हलकेच खरवडा. आत ओलसर हिरवा पापुद्रा दिसला तर जीव आहे. तपकिरी, कोरडं दिसलं तर थोडं खाली पुन्हा बघा. पुष्कळदा फांद्या वाळतात पण बुंधा शाबूत असतो. वाळलेला भाग हिरवं लागेपर्यंत छाटा. झाडाला पान नाही म्हणून फेकून देणारे बरेच आहेत.

२. पाणी

बोट मातीत दोन पेरं खुपसा. शिवाय कुंडी उचलून बघा, ओल्या आणि कोरड्या कुंडीच्या वजनातला फरक दोन-तीन वेळा उचलल्यावर हाताला कळायला लागतो. हलकी झाल्याशिवाय पाणी नको, आणि दिलंच तर बशीत साचलेलं ओतून टाका.

याचा दिव्याशी थेट संबंध आहे. प्रकाश कमी म्हणजे पानांतून उडणारं पाणी कमी, म्हणजे माती वाळायला वेळ जास्त. उन्हाळ्यात रोज पाणी पिणारं झाड डिसेंबरात तेवढंच पाणी दहा दिवसांत पितं. मुळांना हवा मिळाली नाही की ती कुजतात, मग माती ओली असून झाड मान टाकतं आणि ते बघून आपण आणखी पाणी घालतो. पानांमागचे खरखरीत फोडसुद्धा याच प्रकारातले: मुळांनी उचललेलं पाणी पानांतून पुरेसं उडत नाही, म्हणून पेशी फुगून फुटतात. ती कीड नाही. मातीवर बारीक काळी चिलटं उडत असतील तर पाणी जास्त होतंय याची तीही खूण.

३. जागा आणि तापमान

आपल्या इथल्या घरांत हीटिंगचे व्हेंट बहुधा खिडकीखालीच असतात, आणि मिरचीला ऊन हवं म्हणून आपण कुंडी नेमकी तिथेच ठेवतो. फर्नेस चालू झाला की कोरडी गरम हवा थेट पानांवर. व्हेंटवर हवा वळवणारं प्लॅस्टिकचं झाकण लावा, नाहीतर कुंडी दोन हात सरकवा.

उलटी तऱ्हा म्हणजे काचेला टेकलेली पानं. जानेवारीच्या रात्री काचेलगतची हवा खोलीपेक्षा कितीतरी थंड असते. बेसमेंटच्या उघड्या काँक्रीटवर ठेवलेल्या कुंडीचंही तेच. माती गार पडली की मुळं पाणी उचलत नाहीत आणि वर दिवा कितीही चांगला असो, झाड पिवळं पडतं. कुंडीखाली थर्मोकोलचा तुकडा किंवा लाकडी फळी घाला.

झाड झोपवणाऱ्यांसाठी पोर्चखालची कोल्ड रूम मोठी सोयीची, पण आधी तिथे किमान-कमाल तापमान दाखवणारा स्वस्त थर्मामीटर आठवडाभर ठेवा. काही घरांत ती जानेवारीत शून्याजवळ जाते, आणि मिरची गोठणं सहन करत नाही. गॅरेजचा विचार गरम होणारं असेल तरच करा.

४. कीड

पानाची मागची बाजू फोनच्या टॉर्चने बघा. नंतर फांदीखाली पांढरा कागद धरून तिला टिचकी मारा. कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले तर कोळी (स्पायडर माइट ही बारीक कीड) आहेत. मावा शेंड्याला आणि कळ्यांना घट्ट बिलगलेला दिसतो, चिकटपणा त्याचाच. कोरड्या घरात कोळी झपाट्याने वाढतात, आणि त्यांनी रस शोषलेलं पान लांबून प्रकाश कमी पडल्यासारखंच फिकट दिसतं. म्हणून ही तपासणी दिव्याच्या आधी.

झाड सिंकमध्ये आडवं धरून कोमट पाण्याने धुवा, मागच्या बाजूने जास्त. मग नर्सरीत मिळणारा कीटकनाशक साबण फवारा, आणि आठवड्याने पुन्हा. एकदा फवारून सोडलं तर अंड्यांतून नवी पिढी येते. आठवडाभर ती कुंडी बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा.

५. दिवा किती तास चालतो?

टोरांटोत २१ डिसेंबरचा दिवस नऊ तासांहूनही थोडा लहान असतो आणि भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम २३ अंशांवर. पुण्यात त्याच दिवशी जवळपास अकरा तास उजेड असतो आणि सूर्य दुपटीने वर. त्यात इथले ढग, आणि दुपदरी काचेवरचं कोटिंग थोडा प्रकाश आणखी खातं. "दक्षिणेची खिडकी आहे, मग पुरे की" हे गणित म्हणूनच इथे चुकतं.

टायमर लावा, दहा-पंधरा डॉलरचा यांत्रिक चालतो. चौदा तास चालू, दहा तास बंद. हाताने चालू-बंद करू असं म्हणणारे तिसऱ्या आठवड्यात विसरतात. टायमर आधीच असेल तर त्याचं घड्याळ बघा. वीज जाऊन आली की यांत्रिक टायमर तेवढा मागे पडतो, आणि शेजारचं कायम-चालू बटण चुकून दाबलं गेलं तर दिवा रात्रंदिवस जळत राहतो. चोवीस तास प्रकाश दिल्याने झाड जास्त वाढत नाही. टोमॅटो-मिरचीच्या कुळाला अंधार लागतो, नाहीतर पानं पिवळी पडतात, वाकडी होतात.

बेसमेंटमध्ये खिडकी नसेल तर तास आपल्या सोयीने निवडता येतात. ओंटारिओत वेळेनुसार दर असलेल्या प्लॅनमध्ये संध्याकाळी ७ ते सकाळी ७ स्वस्त वीज. दिवा संध्याकाळी ७ ते सकाळी ९ चालवला की चौदापैकी बारा तास स्वस्त दरात बसतात.

६. दिवा किती उंच आहे?

घरोघरी हाच दोष सापडतो. दिवा शेल्फच्या वरच्या फळीला, झाड खालच्या फळीवर, मधे अडीच फूट. खोली लख्ख दिसते, आणि आपले डोळे इथेच फसवतात. उजेड कमी झाला की बाहुल्या मोठ्या होतात आणि आपल्याला सगळं सारखंच उजळ वाटतं. लक्स हे उजेडाचं माप: दिवाणखान्यातला चांगला उजेड साधारण ३०० लक्स असतो, बाहेरचं उन्हाळी ऊन एक लाखाच्या घरात. झाडाला हा फरक कळतो, आपल्याला नाही.

साधी एलईडी ट्यूब किंवा बल्ब शेंड्यापासून १५ ते २५ सेंटिमीटरवर आणा. जास्त वॅटचा बोर्ड असेल तर ३० ते ४५ सेंटिमीटरपासून सुरुवात करा. दिव्याखाली पानांच्या उंचीवर हाताचा पंजा मिनिटभर धरा. चटका जाणवला तर पानालाही जाणवणार. तीन-चार दिवस थांबा. शेंड्याची पानं वर वळली किंवा पांढुरकी झाली तर वीतभर वर घ्या. दिवा साखळीवर टांगलेला असेल तर हे सगळं अर्ध्या मिनिटाचं काम आहे, म्हणून स्क्रूने पक्का करू नका. दिवा हलत नसेल तर कुंडीखाली पालथी बादली.

एका दिव्याखाली उंच-बुटकी झाडं ठेवण्यापेक्षा एकाच उंचीची झाडं एकत्र ठेवणं बरं. उंच झाडासाठी दिवा वर घेतला की बुटकं उपाशी राहतं.

७. मोजून बघा

फोनवर लक्स मोजणारं कुठलंही फुकट ॲप घ्या. अँड्रॉइड फोनचा सेन्सर पुढच्या बाजूला, कानाच्या स्पीकरजवळ असतो. फोन पानांच्या उंचीवर आडवा, स्क्रीन वर करून धरा. मोजणी तंतोतंत नसते, पण अंदाजाला भरपूर.

झाडाला उपयोगी पडणारा प्रकाश मायक्रोमोलमध्ये (दर सेकंदाला, दर चौरस मीटरवर) मोजतात, खोक्यावर पीपीएफडी लिहितात ते हेच. पांढऱ्या एलईडीखाली लक्सच्या आकड्याला साधारण ७० ने भागलं की मायक्रोमोल मिळतात. ७,००० लक्स म्हणजे सुमारे १००. जांभळ्या दिव्याखाली मात्र हे गणित निरुपयोगी, कारण लक्समीटर माणसाच्या डोळ्याप्रमाणे हिरवा-पिवळा प्रकाश मोजतो आणि त्या दिव्यात तोच नसतो.

आता दिवसाची बेरीज, ती मोलमध्ये येते. मायक्रोमोल गुणिले तास गुणिले ०.००३६. शंभर मायक्रोमोल चौदा तास दिले तर सुमारे ५ येतात. जागं पण न फळणारं झाड ५ ते ७ वर हिवाळा नीट काढतं. मिरच्या हव्या असतील तर १५ च्या आसपास जायला हवं. पाचच्या बरंच खाली असाल आणि खोली उबदार असेल, तर ती लांबुडकी वाढ कुठून येते ते कळलं. मंद आचेवर जास्त वेळ ठेवली तरी डाळ शिजते, तसं थोड्या कमी प्रकाशाची भरपाई बाराचे सोळा तास करून होते. ५०० लक्सची मात्र कितीही तासांनी होत नाही.

८. आता खरेदी

इथवर सगळं ठीक असूनही आकडा कमी येतोय, तरच पाकीट काढा.

खोक्यावर ठळक अक्षरात लिहिलेले "१००० वॅट" बाजूला ठेवा. ते कुठल्या तरी जुन्या दिव्याशी केलेली तुलना असते. मागच्या लेबलवर बारीक अक्षरात खरी खेच लिहिलेली असते आणि ती पुष्कळदा १०० वॅटच्या आसपास, क्लिपवाल्या तीन-चार मानांच्या दिव्यांत तर २० वॅटसुद्धा नसते. प्लगमध्ये लावायचं वॅटमीटर कुणाकडे असेल तर लावून बघा. एलईडीत प्रकाश येतो तो या खऱ्या वॅटमधूनच; बाकी सगळी जाहिरात.

माझी पहिली निवड: चार फुटी एलईडी शॉप लाइट, गॅरेजमध्ये लावतात तोच. हार्डवेअरच्या दुकानात ३० ते ५० डॉलरच्या आसपास. खरी खेच ४० वॅट किंवा जास्त, ४,००० ते ५,००० लुमेन (दिव्यातून निघणारा एकूण प्रकाश), रंग ४,००० ते ५,००० केल्विन. वर "ग्रो" हा शब्द नाही म्हणून स्वस्त. गणित करून बघा: ५,००० लुमेन चार फूट लांब आणि एक फूट रुंद पट्ट्यावर पडले, म्हणजे ०.३७ चौरस मीटरवर, तर कागदावर साडेतेरा हजार लक्स होतात. बाजूला सांडणारा प्रकाश वजा केला तर नऊ हजार धरा. म्हणजे सुमारे १३० मायक्रोमोल, आणि चौदा तासांत साडेसहा. तीन-चार कुंड्यांना जागं ठेवायला एक दिवा पुरतो. मिरच्या हव्या असतील तर शेजारी शेजारी दोन लावा आणि तास सोळा करा, की बेरीज पंधराच्या आसपास जाते.

एकच कुंडी असेल तर तेवढाही खर्च नको. ॲल्युमिनियमच्या वाडग्याचा क्लॅम्प लॅम्प आणि त्यात १५ वॅटचा, दीड हजार लुमेनचा साधा पांढरा एलईडी बल्ब, शेंड्यापासून वीतभर वर. वाडगा पूर्ण बंद झाकणाचा नको, बंद फिटिंगमध्ये बल्ब तापून लवकर जातो.

जांभळ्या दिव्याने झाड वाढतं, तो फसवणूक आहे असं नाही. पण त्या उजेडात पान पिवळं पडलंय की हिरवं ते दिसत नाही, मावाही दिसत नाही, आणि बैठकीत बसणाऱ्यांच्या डोळ्यांना त्रास होतो तो वेगळाच. पांढऱ्या एलईडीत लाल, निळा, हिरवा सगळाच प्रकाश असतो. "फुल स्पेक्ट्रम" या शब्दांसाठी जास्तीचे पैसे मोजायची गरज नाही.

शंभराच्या पुढचे चांगले बोर्ड एका वॅटमागे खरोखर जास्त प्रकाश देतात. पाच-सहा हाबानेरोंना हिवाळाभर फळत ठेवायचं असेल तर ते परवडतात. नुसतं तगवायचं असेल तर नाही. बेसमेंटमध्ये जुन्या फ्लुरोसंट ट्यूब पडल्या असतील तर त्याही चालतील, पण जुन्या ट्यूबचा प्रकाश उतरलेला असतो, आणि त्यांत पारा असतो; फुटल्या किंवा गेल्या तर कचऱ्याच्या डब्यात नाही, घातक कचरा घेणाऱ्या म्युनिसिपल डेपोत द्यायच्या.

विजेचा खर्च: ४० वॅट चौदा तास म्हणजे दिवसाला ०.५६ युनिट, महिन्याला सतरा. आपल्या बिलातल्या दराने गुणून बघा. बहुतेकांना दिव्यापेक्षा हीटरचीच काळजी करावी लागते.

दिव्यावर सीएसए, सी-यूएल किंवा सी-ईटीएल यांपैकी सुरक्षिततेची एक खूण आहे ना ते बघा. नुसतं "सीई" असेल तर ती कॅनडात चालणारी मान्यता नाही. ओल्या कुंड्यांवर चौदा तास चालणारी वस्तू आहे, इथे काटकसर नको.

९. सांडणारा प्रकाश परत आणा

डॉलर स्टोअरमधला पांढरा फोम बोर्ड कुंड्यांच्या तिन्ही बाजूंना उभा करा. आधी आणि नंतर कडेच्या पानांजवळ लक्स मोजा, फरक तुम्हालाच दिसेल. चकचकीत फॉइल नको. सुरकुत्यांमुळे प्रकाश सारखा पसरत नाही आणि ते वीजवाहकही आहे. दिव्यावरची धूळ महिन्यातून एकदा बंद करून पुसा.

कळ्या अजूनही गळत असतील तर त्या खुडूनच टाका. रात्री खोली १५ अंशांखाली जात असेल किंवा प्रकाश बेताचाच असेल तर फळ धरत नाही, आणि कळ्यांवर झाडाची ताकद वाया जाते.

१०. वीज: इथे हात आवरा

आपण करायचं ते एवढंच. दिवा प्लग काढून दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटमध्ये लावून बघा. लुकलुकणं दिव्याबरोबर गेलं तर दिवा खराब, परत करा. वायर सॉकेटकडे सरळ उतरू देऊ नका, सॉकेटच्या खाली वळसा देऊन वर न्या, म्हणजे पाण्याचा थेंब ओघळला तरी वळशावरून खाली पडतो. पॉवर बार जमिनीवर नको, भिंतीला टांगा. शॉप लाइट एकमेकांना जोडायचे असतील तर किती जोडता येतात ते लेबलवर असतं, त्यापलीकडे नाही.

ब्रेकर पडत असेल तर संशय आधी दिव्यावर घेऊ नका. ४० वॅटचा दिवा १२० व्होल्टवर एका अँपिअरचा तिसरा हिस्सा खेचतो. त्याच लाइनवरचा १,५०० वॅटचा स्पेस हीटर साडेबारा अँपिअर खेचतो, आणि लाइन असते बहुधा पंधराची. झाडाला ऊब म्हणून एकाच पॉवर बारवर हीटर आणि दिवा लावलेले असतात. हीटर पॉवर बारवर कधीच नको.

पण हीटर काढूनही ब्रेकर पडतोय, सॉकेट स्पर्शाला गरम आहे, तपकिरी डाग पडलाय, जळका वास येतो, दिव्याच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, किंवा ओल्या जागेजवळच्या सॉकेटला जीएफसीआय (करंट गळला की लगेच वीज तोडणारं) संरक्षणच नाही: यांपैकी काहीही असलं तर ब्रेकर पाडा आणि थांबा. सॉकेट उघडून बघू नका. ओंटारिओत यासाठी ईएसएचं (विजेच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचं) लायसन्स असलेला इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर बोलवावा लागतो. ओळखीचा "हातचं काम जाणणारा" चालत नाही. भाड्याने राहत असाल तर आधी घरमालकाला लेखी कळवा, सॉकेटची दुरुस्ती ही त्याची जबाबदारी.

झाडाच्या बाबतीत कुठे थांबायचं

नवी पानं सुरकुतून वाकडी येतायत, आपल्याकडे शेतात ज्याला बोकड्या किंवा चुरडा-मुरडा म्हणतात तसं, तर दिव्याशी खेळणं बंद करा. हे विषाणूचं असू शकतं किंवा डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कोळ्याचं, आणि वरून दोन्ही सारखेच दिसतात. झाड वेगळं काढा, शेंड्याचे जवळून फोटो घ्या आणि जवळच्या मास्टर गार्डनर स्वयंसेवकांना किंवा चांगल्या नर्सरीतल्या जाणकाराला दाखवा. पानांवर पिवळ्या-हिरव्या चट्ट्यांची नक्षी असेल तर विषाणूची शंका आणखी बळावते, आणि त्यावर औषध नाही. झाड पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, कात्री धुवा, ती माती दुसऱ्या कुंडीत घालू नका.

जगलेलं झाड मेमधल्या लाँग वीकेंडनंतर बाहेर न्या, तेही एकदम उन्हात नाही. दिव्याखालचे शे-दीडशे मायक्रोमोल आणि दुपारच्या उन्हातले दोन हजार यांत फरक केवढा! पहिले दोन-तीन दिवस पूर्ण सावली, मग सकाळचं तासभर ऊन, असं आठ-दहा दिवसांत वाढवत न्या, नाहीतर हिवाळाभर जपलेली पानं एका दुपारीत पांढरी पडतात.

आणि मार्चच्या मध्यापर्यंत नखाने खरवडून बुंध्याशीही हिरवं दिसलं नाही, तर कुंडी रिकामी करा आणि बी पेरा. थाई आणि हॅलापीन्योला तेवढा वेळ पुरतो. दिवा तोच वापरा, फक्त रोपांच्या डोक्यावर दहा सेंटिमीटरवर आणा आणि रोपं वाढतील तसा वर घ्या.